मास्तरांचा पाच वर्षांचा नियम

आमच्या कचेरीत इंटरनेटचे पत्ते वाटतात. हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे नेमकं काय करता हो?" इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक आकडा लागतो, तोच त्याचा पत्ता. तो नसेल तर तिथे काही पोचत नाही. जुन्या पद्धतीचे पत्ते तळाला गेलेत. नव्या पद्धतीचे हवे तेवढे आहेत, पण अर्धं जग अजून जुनेच मागतं. म्हणून उरलेल्या साठ्यातून आम्ही नव्या कंपनीला एकदाच दोनशे छप्पन्न पत्ते देतो, डब्याच्या बुडाशी उरलेलं तेल काढावं तसे.

मास्तर माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. कुठल्या शाळेत त्यांनी शिकवलेलं नाही, पण आलेला अर्ज लाल पेनाने असा रंगवतात की नाव पडलं ते पडलं. एक कंपनीवाला फोनवर वैतागून म्हणाला होता, "मुलगी देताना सासऱ्यांनीसुद्धा एवढं विचारलं नव्हतं."

नियम मात्र आम्ही करत नाही. कुणीही उठावं, सूचना मांडावी. मग सभा भरते, अध्यक्ष विचारतात, "कुणाचा आक्षेप?" मतदान नाही, हात मोजणं नाही. त्यानंतर चार आठवडे कुणाचा लेखी आक्षेप येतो का, याची वाट बघायची. कुणी बोललं नाही तर नियम झाला. मौन म्हणजे संमती. मास्तरांनी ही खोड घरीही नेली होती. पंखा बंद करायचा असला तरी "कुणाचा आक्षेप?" म्हणून पाचपर्यंत मोजायचे. त्यांच्या धाकट्या बहिणीनेच मला हे हसत हसत सांगितलं होतं.

पाच वर्षांचा नियम त्यांचाच, नोकरीला लागण्याआधीचा. तेव्हा लोक खोट्या कंपन्या काढून पत्ते घ्यायचे आणि दुसऱ्याच दिवशी विकायचे. मास्तरांनी सूचना आणली, की शेवटच्या साठ्यातले पत्ते पाच वर्षं दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाहीत. सभेत कुणीतरी विचारलं, "आणि मालक मेला तर?" मास्तर म्हणाले, "मेलेला माणूस पत्ते वापरत नाही." सगळे हसले. आक्षेप कुणाचाच नव्हता.

आणि त्यांचा मेहुणा गेला. मेहुण्याची दोन खोल्यांतली इंटरनेटसेवा होती. दोनशे घरं, एक दवाखाना, एक शाळा. सगळं बहिणीच्या गळ्यात पडलं. छतावर चढून तारा जोडणारा माणूस टिकेना, फोन थांबेनात. लांबच्या शहरात लेकीला बाळ झालेलं, ती आईला रोज बोलवत होती. एक मोठी कंपनी सगळा व्याप घ्यायला तयार होती, पण पत्त्यांसकट. आणि ते होते शेवटच्या साठ्यातले, पाच वर्षं व्हायला अजून अडीच वर्षं होती. नुसतं कुलूप लावून जावं तर दवाखाना अंधारात. इकडे आड, तिकडे विहीर.

"दादा, तूच बांधलेली भिंत आहे, तूच खिडकी पाड," ती म्हणाली.

"मला नाही मांडता येत. कर्मचारी आहे. तू मांड."

तिने मांडली. मालक वारला तर पाच वर्षांची अट नको, एवढंच. दोन ओळींची, स्वच्छ सूचना. सभेत लोक माना डोलवत होते. मला वाटलं, सुटली बाई.

पण प्रत्येक सूचनेला कचेरीचं टिपण जोडावं लागतं, की असा नियम आला तर काय होईल. मास्तरांनी साहेबांना सांगितलं, "माझी बहीण आहे, मला बाजूला ठेवा." टिपण माझ्याकडे आलं. मी "अडचण दिसत नाही" असं लिहून मोकळी होणार, तेवढ्यात मास्तरांनी कपाटातून तीन फायली काढून माझ्या टेबलावर ठेवल्या.

गेल्या वर्षी तीन कंपन्यांनी मालकाच्या मृत्यूचा दाखला जोडून अट माफ करा म्हणून विनंती केली होती. मास्तरांनी खातरजमेला फोन लावले, तर त्यांतले दोन मयत स्वतःच फोनवर आले.

मला राग आला. "मास्तर, या फायली तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाहीत. ठेवा परत. मी बघितल्याच नाहीत."

"बघितल्यास," ते म्हणाले. "मी गप्प बसलो तर उद्या अख्खा साठा मेलेल्यांच्या नावाने जाईल. आणि मी गप्प होतो हे मला माहीत असेल."

मी लिहिलं. नावं न घेता, तीन ओळींत. आजही त्या ओळींची मला लाज वाटते आणि त्या खोट्या नव्हत्या याची चीडही येते. पुढच्या सभेत टिपण वाचलं गेलं आणि एकामागून एक आक्षेप आले. अध्यक्षांनी सूचना बारगळल्याचं जाहीर केलं. बहीण शेवटच्या रांगेत पर्स मांडीवर धरून बसली होती. ती उठून गेली.

संध्याकाळी मास्तर तिच्याकडे निघाले. मीही गेले, टिपण माझं होतं. खोलीत यंत्रांचे हिरवे दिवे लुकलुकत होते. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "तुम्ही कशाला अवघडता? फायली कुणाच्या कपाटात असतात ते मला माहीत आहे."

मास्तर दारातच उभे. तिने नवऱ्याच्या खुर्चीवरचे वायरींचे वेटोळे खाली ठेवले आणि खुर्ची पुढे ढकलली.

"दादा, माझीही एक सूचना आहे. आता उरली दोन वर्षं, दोन महिने. कचेरी सुटली की तू रोज इथे यायचंस, तक्रारींचे फोन घ्यायचेस, रविवारी छतावर चढायचंस. आणि लेक रोज संध्याकाळी फोन करून विचारते ना, आई कधी येतेस? तो फोनही तूच घ्यायचास." खुर्चीची पाठ धरून तिने विचारलं, "कुणाचा आक्षेप?"

तिने पाचपर्यंत मोजलं. मास्तर काही बोलले नाहीत. जाऊन खुर्चीत बसले.

फोन वाजला. लेकीचा होता.