ताईच्या नोंदींचं कुलूप
ऑफिसात सगळे तिला कुलूपमावशी म्हणत. कुणी संगणक उघडा टाकून चहाला गेला, की परत येईपर्यंत पडद्यावर मावशीची चिठ्ठी डकवलेली असायचीच: “घरचं दारही असंच टाकता का?”

तिची मोठी बहीण सीमेपलीकडच्या देशात सुईण होती. बायका ताईला मनातलं सांगत, ताई ते फोनमध्ये टिपून ठेवी, आणि फोन मात्र घरभर या हातातून त्या हातात फिरे. त्यावरून तिची मावशीकडे रोज कटकट चाले. म्हणून मावशीनं सुट्टीत स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यानं नोंदी अशा गुंतवून टाकायच्या, की किल्लीचा शब्द ठाऊक नसेल तर कुणाच्या बापाला वाचता येऊ नयेत. तो इंटरनेटवर खुला ठेवायचा, ज्याला हवा त्यानं फुकट घ्यावा, सुधारावा, असं तिनं ठरवलं.

तेवढ्यात वकील दीर जेवायला आला.

“वहिनी, थांबा जरा! असली कुलपं देशाबाहेर जायची तर कायदा आडवा येतो. सरकार त्यांना शस्त्रांच्या पंगतीला बसवतं.”

“शस्त्र? अहो भावोजी, माझ्या प्रोग्रॅमला भाजीसुद्धा चिरता येत नाही!”

सगळे हसले, पण मावशीनं प्रोग्रॅम खुला करायचं थांबवलं. ताईला काय सांगायचं?

दिरानं मात्र मनावर घेतलं. नियमांचं बाड वाचून तो दोन दिवसांनी उड्या मारतच आला. “सुटलो, वहिनी! मूळ कोड सगळ्यांना खुला असेल, तर परवानगी नको. तो कुठे ठेवणार, एवढं सरकारी खात्याला आधी कळवायचं!”

मावशीनं कळवलं. तरी जिवाला चैन पडेना, म्हणून तिनं त्या खात्यात फोन लावला.

“मिळालं तुमचं,” अधिकारीणबाई म्हणाल्या. “विकता कितीला?”

“फुकट.”

“मग तुम्हाला काय मिळतं?”

“ताईची कटकट थांबते!”

पलीकडून खळखळून हसू आलं. “ठेवा, बाई, बिनधास्त ठेवा.”

मावशीनं त्याच दुपारी प्रोग्रॅम खुला केला. संध्याकाळी ताईचा फोन.

“चाललं गं, चाललं! आणि आमचे हे मघापासून चष्मा पुसताहेत, एक अक्षर लागत नाही त्यांना!”

मावशी इतकी हसली, की दूध उतू गेलं. ते पुसायलाही ती उठली नाही. ताईशी बोलतच राहिली.