फक्कीची रेघ

कोणत्याही नोकरीत किस्से जमतातच. पण चाळिशीत पुन्हा विद्यार्थी झालात की ते नुसते जमत नाहीत, ढीग लागतो! वर्गातला प्रत्येक जण आपला जुना धंदा सोबत घेऊनच बाकावर बसलेला असतो ना.

आमचा वर्ग यवतमाळला, शनिवार-रविवार. शहर नियोजन आणि नागरी रचना, पदव्युत्तर, आणि खास दुसऱ्या क्षेत्रातून येणाऱ्यांसाठी. मी शाळेत भूगोल शिकवायचे. वैशालीताई दवाखान्यात सिस्टर होत्या. सलीमभाई दारव्ह्याचे. तिथल्या जीप स्टँडसमोर त्यांच्या अब्बांचं गॅरेज आहे आणि डिप्लोमा झाल्यापासून तेही तिथेच पाना फिरवत होते. वर्गात आणखीही मंडळी होती, पण आमचा ग्रुप आम्हा तिघांचा. शिकवायला निनाद सर, पुण्याहून आलेले, वयानं आम्हा सगळ्यांपेक्षा लहान.

पहिल्या दिवशी बिचारे संकोचून म्हणाले, "तुम्ही सगळे अनुभवी आहात. मला सर म्हणायची काही गरज नाही."

सलीमभाईंनी विचारलं, "मंग काय म्हनू? बेटा?"

तेव्हापासून सर ते सरच राहिले.

*

शिक्षण काय चाललंय हे घरी समजावून सांगणं हा एक वेगळाच पेपर असतो. माझ्या सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग नगरपालिकेत लागशीन का?"

"तसं नाही आई. शहर कसं वाढावं, रस्ते कुठून जावेत, ते ठरवायला शिकायचं."

"म्हंजे आपल्या गल्लीतली नाली काढशीन!"

त्यांनी ही बातमी गल्लीभर केली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाया दारात उभ्या. कोणाच्या अंगणात पाणी साचतं, कोणाच्या दारासमोर खांब येतो. मी अजून शिकतेय, माझ्या हातात काही नाही, असं परोपरीनं सांगून पाहिलं.

"तुमचं शिकनं होईपर्यंत तं पावसाया येईन वो बाई!"

हसले मी, पण वाईटही वाटलं. आपल्या दारासमोरचं कोण ठरवतं हे त्यांना इतक्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं. निदान ठोठवायला एक दार सापडलं म्हणून त्या आल्या होत्या.

*

दुसऱ्या वर्षी आम्हाला प्रोजेक्टसाठी दारव्हा मिळालं. बाजार आणि जीप स्टँडचा भाग नव्यानं आखायचा. सरांचा त्यात एक हट्ट होता. कागदावर काढलेली प्रत्येक रेघ एकदा जमिनीवर फक्कीनं मारायची. क्रिकेटच्या मैदानावर चुन्याची पांढरी पूड टाकतात ना, तीच. खऱ्या मापात मारायची आणि तिच्या बाजूला उभं राहायचं. "कागदावर पेन्सिल कोणालाच लागत नाही," सर म्हणायचे.

पहिली रेघ आम्ही एका गल्लीत मारली. ती आमची नवी नाली होती. एका काकूंच्या ओट्यावरून ती बरोबर मधोमध गेली. त्या कौतुकानं बघत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो तर आमच्या नालीच्या दोन्ही बाजूंनी ठिपके, वेली, मोर!

"अर्धीच सोडून गेलते तुम्ही," काकू म्हणाल्या. "म्या पुरी केली."

 वैशालीताईंनी काकूंना सांगितलं की रेघ रांगोळीची नाही, नाली इथून गेली तर ओटा तोडावा लागेल.

काकूंच्या हातात अजून रांगोळीची वाटी होती. "मंग सांजीले बसू कुठं मी?"

 पुढच्या आठवड्यात आम्ही नाली समोरच्या कडेनं घेतली. उतार थोडा बिघडला आणि सरांनी त्याचे मार्क कापले. पण कापताना म्हणाले, "मीही असंच केलं असतं."

*

आता माझी फजिती. आयुष्यभर पोरांना नकाशावाचन शिकवलेली बाई दारव्ह्यात नकाशा हातात धरून चुकली! उत्तर दिशा बरोबर होती, प्रमाण बरोबर होतं, फक्त मी कुठे आहे तेच कळेना. एका काकांना विचारलं.

"सरळ जा जी, अन् चिचीपासून वळा."

सरळ गेले. चिंचेचं झाड काही दिसेना. परत येऊन विचारलं.

"ते तं कवाचीच कापली!"

"मग वळू कुठून?"

"चिचीपासून!" काका वैतागले. मला साधी वाट समजत नाही म्हणून त्यांना माझी कीव आली असावी.

संध्याकाळी हे सांगितल्यावर सलीमभाई म्हणाले, "बरोबर सांगतलं त्यायनं. मीबी चिचीपासूनच वळतो." आणि वळायचे खरंच, गाडीचा हॉर्न वाजवून, जणू अजून तिच्या सावलीत कोणी बसलेलं आहे.

*

वैशालीताईंच्या लेखी रस्त्याचं माप एकच. स्ट्रेचर जातं की नाही! बाजारामागच्या गल्ल्यांत मीटरचा टेप लावायला त्यांचा साफ नकार. "टेप वळते वो सर. मानूस आडवा असला का वळत नाई."

म्हणून त्यांनी कुठून तरी एक खाट मागून आणली. पुढून सलीमभाई, मागून मी, खाटेवर कोणी नाही, आणि ताई बाजूनं कागदावर खुणा करत चाललेल्या. एका कोपऱ्यावर खाट अडकली. ना पुढे जाईना, ना मागे. तेवढ्यात दारं उघडू लागली. एका आजोबांनी टोपी काढली. शिलाई मशीनवरून एक बाई उठून आली आणि डोक्यावर पदर घेत हळूच म्हणाली, "कोन गेलं वो?"

वैशालीताई म्हणाल्या, "कोनी नाई गेलं. जाऊ नये म्हनून तं मोजून राह्यलो!"

सगळी गल्ली हसली. आजोबा हसले नाहीत. टोपी परत घालत ते त्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, "माह्या बायकोले इथूनच उचलून न्या लागलं. हातावर." ताईंनी नकाशावर तो कोपरा लाल केला आणि शेवटपर्यंत तो लालच राहिला.

*

आता सलीमभाईंचं. हे सांगायचं तर अब्बांपासून सुरू करावं लागेल.

अब्बा तोंडानं नाही म्हणाले नव्हते. फक्त पोरानं कॉलेजात नाव घातल्यापासून ते त्याच्याशी कामापुरतंच बोलायचे. पाना दे. जॅक लाव. ग्रीस संपलं. एवढंच. "पहले दिनभर बडबड करत," सलीमभाई सांगायचे. "आता घरी गेलो तं भिताडासंग राह्यल्यासारखं वाटते." सगळ्या वर्गाला डिग्री हवी होती. सलीमभाईंना डिग्री हवी होती आणि अब्बांचं बोलणंही.

आणि नशीब बघा, जीप स्टँडचा रस्ता त्यांच्याच वाट्याला आला.

त्यांची पहिली शीट सुंदर होती. उतारूंसाठी शेड, पायी चालायला रुंद फूटपाथ, सरळ रस्ता. फक्त एका जागी तो रस्ता पोट सुटल्यासारखा बाहेर वळलेला.

"इथे का वळला?" सरांनी विचारलं.

"सर, तिथं झाड हाय. कडुलिंबाचं. मोठ्ठं." आणि खरंच, कागदावर हिरवा गोल होता, आत 'कडुलिंब' असं लिहिलेलं.

पुढच्या रविवारी आम्ही फक्कीचा डबा घेऊन तिथे पोचलो. झाड कुठलं! त्या जागी गॅरेजचं टिनाचं शेड रस्त्यावर पुढे आलेलं, आणि शेडखाली स्टुलावर अब्बा, एका जुन्या जीपचं कार्ब्युरेटर साफ करत.

 सर सलीमभाईंना बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "ही शीट मी पास करू शकत नाही. दुसरी काढा, किंवा तुमचा रस्ता मी दुसऱ्या कोणाला देतो."

 सलीमभाईंनी डबा उचलला आणि सरळ रेघ मारायला घेतली. स्टँडच्या कोपऱ्यापासून चहाच्या टपरीपर्यंत, टपरीपासून शेडपर्यंत. शेडपाशी थांबले.

"अब्बा, पाय उचला जरा."

अब्बांनी पाय उचलले. रेघ स्टुलाखालून गेली. "ये काय होय?" त्यांनी विचारलं.

"रस्ता."

अब्बांनी पाय खाली ठेवले आणि पुन्हा कार्ब्युरेटर हातात घेतलं. परत येताना सलीमभाई जीपच्या मागच्या सीटवर तोंड फिरवून बसले होते. वैशालीताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

नवी शीट सरळ रस्त्याची झाली आणि पास झाली. जुनी सलीमभाईंनी गॅरेजवर नेली. तो कागद जाड असतो, अब्बा त्याच्यावर नट-बोल्ट काढून ठेवत. म्हणजे रोज त्यांच्या डोळ्यांसमोर तीच असायची. मध्ये कित्येक आठवडे गेले. दोघांमध्ये आता पाना दे, जॅक लाव, हेही बंद झालं होतं. सलीमभाई वर्गात आले की आम्ही विचारायचो, आणि ते मान हलवायचे. एकदा म्हणाले, "पास तं होईन मी. पन कोनाले सांगू?"

शेवटच्या परीक्षेच्या तयारीसाठी सलीमभाई पंधरवडाभर यवतमाळलाच राहिले होते. परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. मोठे गृहस्थ, मोजकं बोलणारे. त्यांनी आमच्या शीट पाहिल्या आणि म्हणाले, जागेवरच जाऊ या. सगळे दारव्ह्याला गेलो.

फक्की केव्हाच पुसली गेली होती. तरी रेघ कुठे होती ते स्पष्ट दिसत होतं, कारण टिनाचं शेड आता तिच्या बरोबर मागे होतं. खांब उपटून मागे रोवलेले, स्टूलही मागे. आणि पूर्वी शेड होतं त्या मोकळ्या जागेत, फूटपाथच्या कडेला, ट्रकच्या जुन्या टायरमध्ये माती भरून एक रोप लावलेलं. कडुलिंबाचं, गुडघ्याएवढं. भोवती सायकलच्या रिमांचं कुंपण.

सलीमभाई ते बघून जागच्या जागी थांबले.

परीक्षकांनी हातातली शीट उलगडली, रोपाकडे पाहिलं, पुन्हा शीटकडे पाहिलं. "हे झाड तुमच्या नकाशात दिसत नाही?"

सरांनी सलीमभाईंकडे पाहिलं. 

आतून अब्बा हात पुसत बाहेर आले.

"होतं नं साहेब," ते म्हणाले. "माह्या पोरानं पयल्या नकाशात काढलं होतं."