गोरिला, चिंपांझी आणि बेलभंडारा

ग्रामपंचायतीला आमच्या पॅनेलचे पाच सदस्य निवडून आले आणि समोरच्यांचे चार. उपसरपंच सदस्यांमधूनच निवडायचा, त्यामुळे आमच्यातला एक जरी फुटला असता तरी सगळं मुसळ केरात. म्हणून निकाल लागताच आम्हाला 'सहलीला' हलवलं. सहल कसली? डाळजच्या पुढं, हायवे सोडून आत, धरणाच्या फुगवट्याकडेला तात्यांचं फार्महाऊस होतं, तिथं नेऊन बसवलं. फोन काढून एका पिशवीत घातले आणि पिशवी तात्यांच्या पुतण्यानं आपल्या गाडीत ठेवली.

निघण्याआधी गावच्या देवळात प्रत्येकानं बेलभंडारा उचलला. निवड होईपर्यंत फुटणार नाही, फाटकाबाहेर पाऊल टाकणार नाही, टाकलं तर माझ्या लेकराबाळांवर येईल. मीही उचलला. बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेली बाई मी, चिमूटभर हळदीला काय घाबरायचं, असं मनात म्हणत उचलला.

तात्या पॅनेलचे प्रमुख. धिप्पाड, बोलले की खिडकीच्या काचा थरथरणार. पुतण्या बारीक चणीचा, गोडबोल्या. कुणाला चहात साखर किती लागते हे त्याला पाठ. उपसरपंच कुणी व्हायचं यावर दोघांचं आतून धुमसत होतं. चौथा सदस्य सदा झोपलेला. आणि अक्का. साठीच्या घरातल्या, राखीव जागेवरून पहिल्यांदाच निवडून आलेल्या. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा महिना चाललेला, आणि घरात तिच्यापाशी फक्त तिचे वडील. अक्कांचा जीव तिकडं टांगलेला होता.

करमणुकीला टीव्ही होता. बातम्या लावल्या की भांडण, मालिका लावली की पुरुषांची कुरकुर. शेवटी प्राण्यांच्या चॅनेलवर एकमत झालं. त्या दिवशी गोरिला आणि चिंपांझी दाखवत होते.

"वहिनी, तुमी शिकलाय," पुतण्या म्हणाला, "सांगा, दोघांत हुशार कोन?"

प्रश्न माकडांचा नव्हता हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. झोपलेल्यानंसुद्धा एक डोळा उघडला.

मला उगाच शिकवायची हौस. मी सांगत सुटले. चिंपांझी काडीची पानं सोलून ती वारुळात घालतो आणि वाळवी काढून खातो. तो युती करतो, आज याच्याशी, उद्या त्याच्याशी, आणि दोघं मिळून तिसऱ्याला लोळवतात. गोरिला छाती बडवतो, अंगावर धावून येतो, पण बहुतेक वेळा ते नुसतं भेडसावणं असतं. मग पाला चघळत बसतो. म्हणून तो मठ्ठ नाही. पायापाशीच चारा असल्यावर हत्यार कशाला करील? गरज पडली तर तोही काठी घेऊन पाण्याची खोली बघत पुढं सरकतो.

"बघा!" तात्या मांडीवर थाप मारून गरजले.

"आन् खोटं बोलतो का चिंपांझी?" पुतण्यानं हसत विचारलं.

"बोलतो की. घाबरला की त्याचे दात उघडे पडतात. समोरच्याला भीती दिसू नये म्हणून तो हातानं ओठ मिटून घेतो."

तेवढ्यात अक्कांनी रोजचाच प्रश्न विचारला. "बाबा, फोन केलतास का रं घरी? पोर बरी हाय न्हवं?"

"व्हय अक्का. समदं ठीक हाय." असं म्हणताना पुतण्याचा हात तोंडावर गेला.

टीव्ही बंद करून मी म्हणाले, "खरं सांग."

तो चहाचे कप गोळा करायला लागला. मी तात्यांकडं वळले. मोठ्या आवाजाच्या माणसाच्या पोटात काही राहत नाही, अशी माझी आपली समजूत. ते एकदा ओरडतील, मग अक्कांना गाडीत घालून पाठवतील, असं मला वाटलं होतं. तात्या ओरडले नाहीत.

"काल दुपारी बारामतीला सरकारी दवाखान्यात हलवलीय," ते सावकाश म्हणाले. "पोटातलं पानी कमी झालंय म्हनं. आज शिजर करनार हायत. उद्या सकाळी निवड झाली की म्याच सोडतो की अक्काला."

म्हणजे दोघांनाही ठाऊक होतं. इतका वेळ मी एकाला गोरिला ठरवत होते आणि एकाला चिंपांझी! अशी चीड आली की समोरचा रिमोट मी भिंतीवर भिरकावला.

अक्का उठल्या, पदर खोचला, व्हरांड्यात गेल्या. मी मागोमाग. फाटकाला कुलूप नव्हतं. पहिल्या दिवसापासून नव्हतं; चिमूटभर भंडाऱ्यावरच आम्हाला आत धरून ठेवलं होतं. हे कुठल्या गोरिलाला जमलं नसतं आणि कुठल्या चिंपांझीला सुचलं नसतं.

पायरीवर अक्का थांबल्या.

"चला ना," मी हात धरला. "हायवेवर काहीतरी मिळेल."

"भंडारा उचललाय म्या. आज मोडला तर पोरीवरच यील. आन् ती आज टेबलावर हाय."

"माझ्यावर येऊ द्या. मी नेतेय तुम्हाला, मोडणारी मी. जे व्हायचं ते माझ्या माथी."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. "तुला बी लेक हाय की गं," म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. मी किती ओढलं, किती चिडले, शिव्या घातल्या, त्या हलल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसल्या.

मी चपला घातल्या आणि फाटक उघडलं. माझ्या एका मतावाचून पॅनेल पडलं तर पडू दे म्हटलं. मागून पुतण्या ओरडला, "वहिनी, लेकराबाळांचा तरी इचार करा!"

हायवेवर टेम्पो मिळाला, भिगवणहून बारामतीची गाडी. दवाखान्यात पोचले तेव्हा अक्कांच्या लेकीला आत नेत होते. तिनं माझा हात धरला. "आई कुठाय?"

"निघालीय," मी खोटं बोलले. बोलताना माझा हात माझ्याच तोंडावर गेला.

दार बंद झालं. तिचे वडील भिंतीला टेकून उभे होते. बऱ्याच वेळानं आतून बाळाचं रडणं आलं, नर्सनं येऊन दोघीही सुखरूप असल्याचं सांगितलं. म्हातारा रडायला लागला. अक्कांना कळवा, असं म्हणत त्यानं फोन माझ्या हातात दिला.

फोन हातात येताच मी माझ्या घरचा नंबर लावला. लेकीनं उचलला.

"शाळेतून आलीस? बरी आहेस ना? पडलीबिडली नाहीस ना?"

"आई, काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "उद्या सकाळी निवड होईपर्यंत घरातून बाहेर पडू नकोस."