आशय सोडून सगळं

माझ्या वर्गात बसलेल्या कुणालाही विचारा, कादंबरी कशी वाचायची ते घडाघडा सांगेल. आधी आशय, मग कथानक, पात्रं, वातावरण आणि शेवटी भाषा. तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवताना हा साचा मी पोरांच्या इतका गळी उतरवला, की माझी पोरं लग्नपत्रिकेचंही रसग्रहण करतील, अशी चेष्टा स्टाफरूममध्ये चालायची. मीही हसायचो. या साच्यात एक सोय आहे, ती मात्र कुणाला सांगितली नाही. एखाद्या खान्यात जायची भीती वाटली, तर माणूस दुसऱ्या खान्यात बसून तासभर बोलू शकतो, आणि ऐकणाऱ्याला काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. मी भाषेच्या खान्यात जाऊन बसलो, तो तिथंच राहिलो.

माझा एक मित्र येलदरी धरणाकडच्या गावात झेडपीच्या शाळेवर गुरुजी होता. बरीच वर्षं खपून त्यानं एक कादंबरी लिहिली. धरणाच्या पाण्याजवळचं शेतकऱ्याचं घर, दोन भाऊ, थोरल्याची बायको. एका सकाळी ती घरात नसते. कुणी विहिरीकडं पळतं, कुणी ती एसटीत बसली का ते बघायला फाट्यावर जातं, कुणी माहेरी फोन लावतं. दुपारी ती धरणाच्या पाण्यात सापडते. पाय घसरला, असं सगळे म्हणतात, आणि कादंबरी पुढं सरकते.

मित्राची थोरली वहिनी अशीच गेली होती. मी मातीला गेलो होतो. तिची लहानगी पोरगी शेजारणीच्या कडेवर बसून बिस्कीट खात होती. पाय घसरला, असंच तेव्हा गावानं म्हटलं, आणि मीही तेच घेऊन घरी आलो.

कादंबरीचं हस्तलिखित मित्रानं सगळ्यांत आधी माझ्याकडं आणून दिलं. त्या सकाळच्या प्रकरणापाशी मी थांबलो. घरातलं प्रत्येक माणूस वेगळ्या दिशेला पळतं. थोरला भाऊ मात्र कुठंच शोधत नाही. तो सरळ पाण्याकडं जातो. आणि त्याआधीच्या एका परिच्छेदात, उजाडायच्या आत, अंगणातल्या दोरीवर त्याचा ओला सदरा वाळत घातलेला आहे. बस, एवढंच. लेखकानं त्यावर पुढं एक शब्दही खर्चलेला नाही. मी ते पान दोनदा वाचलं आणि मला कळलं. कादंबरी मरणावर नव्हती. ती एका घराच्या गप्प राहण्यावर होती.

आठवड्यानं मित्र आला. चहा झाला तरी पिशवी मांडीवर घेऊन बसलेला.

"वाचलीस का?"

"वाचली की."

"कशी काय वाटली?"

"भाषा लय ताकदीची हाय. आपल्याकडची बोली अशी कुणी आणलीच नव्हती."

तो माझ्याकडं बघत राहिला. "आणि बाकी?"

"बाकी शुद्धलेखन जरा बघावं लागंल."

त्यानं मान हलवली आणि पिशवी उचलली.

कारण सांगतो. मी तेव्हा तासिका तत्त्वावर होतो, म्हणजे दर वर्षी नव्यानं हात जोडायचे. मित्राच्या थोरल्या भावाची आमच्या कॉलेजच्या संस्थेत ऊठबस होती. एवढं कारण पुरेसं आहे असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण पुढं कायम झालो, तरीही मी बोललो नाहीच.

त्या कादंबरीला प्रस्तावना मीच लिहिली. पाण्याच्या प्रतिमा, म्हणी, बायकांच्या बोलण्यातली लय, सगळं आलं त्यात. प्रकाशनाला थोरला भाऊ फेटा बांधून पहिल्या रांगेत बसला होता. कार्यक्रम संपल्यावर त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला.

"सर, लय चांगलं बोललाव तुमी. आमच्या गावाचं नाव काढलं बघा."

त्यानं पुस्तक वाचलं नव्हतं. माझं भाषण ऐकून त्याला वाचायची गरजच उरली नाही.

मग वहिनीची ती पोरगी मोठी झाली आणि माझ्याच वर्गात एम.ए.ला आली. प्रकल्पासाठी तिनं काकाची कादंबरी घेतली. 'आशय आणि भाषा' असा विषय. मी दुसऱ्या दोन कादंबऱ्या सुचवून पाहिल्या. "न्हाई सर, घरचीच घेते," म्हणाली. पहिलं प्रकरण घेऊन आली तेव्हा विभागात दुसरं कुणी नव्हतं. मी वाचायला लागलो. थोरला भाऊ शोधत नाही, असं तिनं लिहिलं होतं. सदराही तिला सापडला होता. निष्कर्ष काढायची हिंमत झाली नव्हती, म्हणून शेवटी नुसतं प्रश्नचिन्ह.

"सर, प्रस्तावनेत तुमी ह्याच्यावर काहीच लिहिलं न्हाई."

"लिहिण्यासारखं काही नाही त्यात."

"मग त्यो एकटाच सरळ पाण्याकडं कसा काय गेला?"

"हे बघ, याला अतिवाचन म्हणतात. मजकुरात नाही ते आपण त्यात घालायचं नसतं. कादंबरी म्हणजे पंचनामा नव्हे."

"म्हंजे मी चुकायले?"

"चुकतेस."

मग खाली बघून तिनं विचारलं, "सर, तुमी पहिल्यांदा वाचली तवा तुमाला बी असं वाटलं न्हवतं का?"

तिची आई कशी गेली, हे तिला विचारायचं होतं. घरात कुणाला विचारता येत नव्हतं, म्हणून ती पुस्तक घेऊन माझ्याकडं आली होती.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

तिनं प्रकरण बदललं. पाण्याची रूपं, बोलीतले शब्द, म्हणींची यादी. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी थोरल्या भावाबद्दल विचारलं, तेव्हा तिनं माझीच वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली, माझ्याकडं न बघता. वर्गात पहिली आली.

मागच्या वर्षी मित्र निवृत्त झाला. बाजारात भेटला, तेव्हा त्यानंच विषय काढला.

"पोरीनं तुला इचारलं होतं म्हणं."

"हो."

"मग?"

"भाषेवर कर म्हणालो."

तो हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "गड्या, तोंडानं सांगता येईना म्हणून तर मी लिहिलं. वाटलं, वाचणारा एक माणूस हाय आपल्याकडं, त्यो इचारील. तू ऱ्हस्व-दीर्घ काढून दिलंस."

"मग तूच का नाही सांगितलंस तिला?"

"भाऊ हाय माझा. दोरीवरला सदरा मीच काढून पेटीत ठिवला होता. मी कुण्या तोंडानं सांगू?"

तोवर थोरल्या भावाला लकवा होऊन तो अंथरुणाला खिळला होता. तो पडल्यावरच मला धीर आला, हेही लिहून टाकतो. सत्याची चाड वगैरे काही नव्हती.

पोरगी आता परभणीत अभ्यासिकेत बसते, स्पर्धा परीक्षांसाठी. एका शनिवारी दुपारी मी गेलो. बाहेरच्या चहाच्या गाड्यापाशी ती आली, पाठीला सॅक, घरी निघायच्या तयारीत. मी इकडचं तिकडचं बोलायला लागलो. अभ्यास कसा चाललाय, जेवणाची सोय कशी आहे. तिनंच थांबवलं.

"सर, तुमी इतक्या लांब जेवणाचं इचारायला न्हाई आलाव."

"तुझं पहिलं प्रकरण बरोबर होतं," मी म्हणालो. "मीही तेच वाचलं होतं. पहिल्याच वेळी. काकानंही तेच सांगितलं आता."

रिक्षावाले हॉर्न देत होते. ती रडली नाही. कप तसाच हातात धरून म्हणाली, "तवा सांगितलं असतं ना सर, तर मी बाबांना इचारलं असतं. समोर उभं राहून. तवा ते बोलायचे."

मी चहाचे पैसे द्यायला खिसा चाचपू लागलो.

"आता त्यांची वाचाच गेलीय. नुसतं बघत्यात. शनिवार-रविवारी घास मीच भरवते. गाव म्हणतं, पोरगी लय गुणाची."

"काय करशील?"

ती माझ्याकडं बघत राहिली. वर्गात फळ्याकडं बघायची तशी, पुढं काही लिहिलं जातंय का म्हणून.

"ते बी तुमीच सांगा की, सर."

तिनं चहा तसाच गाड्यावर ठेवला. काकूला एकटीला बाबांना उठवून बसवता येत नाही म्हणाली, आणि जिंतूरची गाडी धरायला निघून गेली.