नन्नाबाबूंची मान

खोक्यांच्या कारखान्यातल्या हजेरीबाबूंची मान अकरा वर्षं आपली आपणच डावी-उजवीकडे हलत होती. बायकोने "चहा घेणार?" विचारलं, की मान नाही म्हणायची आणि हात कपाकडे जायचा. मालकाने "जादा तास थांबतील ना सगळे?" म्हटलं, की मान पुन्हा नाही! मालक चपापायचा आणि तास कमी करायचा. कामगारांना वाटलं, असा वाघ दुसरा नाही. त्यांनी बाबूंचं नाव नन्नाबाबू ठेवलं आणि त्यांनाच प्रतिनिधी निवडलं. निवडून आल्यावर बाबूंनी तोंडाने एकदाही नाही म्हटलं नाही. गरजच काय? मान समर्थ होती.

पण मेली दुखायचीही फार. शेक, तेल, पट्टा, सगळं झालं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मानेच्या स्नायूंत बोटुलिनमची इंजेक्शनं दिली.

"हे विष असतं म्हणे?"

"विषच. पण कणभर. ओढणारा स्नायू ढिला पडतो. तीन-चार महिने टिकतं, मग पुन्हा यायचं."

दहा दिवसांत मान खांबासारखी स्थिर झाली. बाबूंनी एकही जखम न करता दाढी केली आणि आरशासमोर नुसते उभे राहिले, नवरदेवासारखे.

त्याच आठवड्यात बैठक होती. बाबूंचा मेहुणा पुठ्ठा कापायच्या यंत्रावर होता. यंत्राने त्याची दोन बोटं नेली होती.

"आता त्याचा काय उपयोग? काढून टाकू," मालक तसा कागद पुढे सरकवत म्हणाला. "कोणाची हरकत?"

सवयीने सगळ्यांनी बाबूंच्या मानेकडे पाहिलं. मालकाने तर कागद अर्धा मागेही ओढला. मान हलेना. खुद्द बाबूही तिचीच वाट पाहत होते. मग त्यांच्या घशापर्यंत 'नाही' आलं, तेवढ्यात मालकाशी नजरानजर झाली, आणि ते त्यांनी गिळून टाकलं.

"एकमताने मंजूर," मालक म्हणाला.

संध्याकाळी मेहुणा दारात उभा.

"भावजी, सुई मानेत टोचली होती ना? मग जीभ कशी लुळी पडली?"

बायकोने भावाला पाणी दिलं. नवऱ्याकडे पाहिलंही नाही.

साडेतीन महिन्यांनी औषध उतरलं. बाबू हजेरीपट भरत होते. मेहुण्याच्या नावावर आडवी रेघ होती, त्यांच्याच हातची. तिथे येताच मान सुरू झाली. नाही, नाही, नाही. खिडकीपुढच्या रांगेतल्या एकानेही वर पाहिलं नाही.

घरी बायकोने ताट वाढलं आणि तिला ती मान दिसली.

"आता हलतेय होय!" ती म्हणाली. "उद्याच जा आणि सुई टोचून या."