सहगुणकावरचा तळहात

छापील कागद समोर आला की मॅडम सहगुणकांच्या रकान्यावर तळहात ठेवायच्या. म्हणायच्या, "आदी चूक किती ते बगू, मंग आकड्याला मान देऊ." चूक म्हणजे प्रमाण त्रुटी, आकडा किती डळमळीत ते सांगणारी, सहगुणकाच्या शेजारीच छापलेली.

पालघरच्या आमच्या सर्वेक्षण कचेरीत आकडेमोड त्यांच्याकडे. माहेर-सासर दोन्ही एडवणचं, आणि आधी कॉलेजात इतकी वर्षं शिकवूनही बोलणं तिथलंच. आमचा प्रश्न एकच असायचा, मूल शाळेत टिकलं की शाळा सुटली? गावाचा किंवा पाड्याचा सहगुणक अधिक आला तर तिथं शाळा सुटण्याचं पारडं जड, उणा आला तर हलकं. "पण काटाच हलतोय, तर वांगी घेशील का तू?" असं विचारून त्या मला गप्प करायच्या. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना त्यांचं 'आदी चूक किती' हे वाक्य पाठ होतं. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल. आपण त्याची नक्कल करतो आणि त्याच्यावाचून आपलं पान हलत नाही.

एका वर्षी अहवालात आम्ही वाणगावच्या आतल्या एका पाड्यासाठी वसतिगृह मागितलं होतं. दिवाळी झाली की तिथले आईबाप वीटभट्टीवर जातात, पोरंही मागोमाग. वसतिगृह झालं असतं तर पोरं शाळेत राहिली असती. पाड्याचा सहगुणक भलामोठा आला आणि त्रुटी त्याहून कितीतरी मोठी.

बोईसरच्या बैठकीत साहेबांनी स्वतःच सहगुणकावर तळहात ठेवला. हसत म्हणाले, "मॅडम, तुम्हीच शिकवलंत. एवढी त्रुटी, मग आकड्याला मान कसला? ओळ काढा."

"साहेब, तिथलं एक जरी पोर टिकलं असतं, तर गणिताला धरायला काय तरी मिळालं असतं. एकूण एक गेलं म्हणून त्रुटी फुगली हाय. दुसऱ्या रीतीनं मांडते, थोडा वेळ द्या."

अहवाल त्याच दिवशी जायचा होता. ओळ गेली आणि वसतिगृहही गेलं.

परतताना जीपमध्ये त्या एवढंच म्हणाल्या, "माजंच वाक्य. अर्दंच शिकवलं मी." मला रडू आलं. त्यांना आलं नाही, त्याचीच मला भीती वाटली.

पुढे त्यांनी कागदावर हात ठेवणं सोडलं, मग नोकरीही. मी एडवणला भेटायला गेले तेव्हा त्यांनी चहा दिला, पाड्याबद्दल विचारलं नाही. गेल्या पावसाळ्यात त्या वारल्या.

दिवाळीनंतर मी पाड्यावर जाऊन आले. दारं दोरीनं बांधलेली, शाळेला कुलूप. कागद आता माझ्याकडे येतो. सवयीने मी सहगुणकांवर तळहात ठेवते आणि त्रुटी वाचत खाली जाते. सगळ्या कशा बारीक, नीटस. त्या पाड्याची ओळ आम्ही आता घेतच नाही.