वाटेवरच्याचं ताट

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. कोणी भूत म्हटलं की मी आधी त्याच्या चपला कुठे काढल्यात ते शोधतो... आणि आजवर त्या दरवेळी सापडल्यात. म्हणूनच यंदा होळीच्या सुट्टीनंतर जे झालं ते लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

शहाद्याबाहेर, केळीच्या बागांना लागून आमचं कॅथलिक विद्यापीठ आहे. मी तिथे खेळ शिकवतो. मुलांना राहायला तीन हॉल, प्रत्येकाला एका संताचं नाव आणि प्रत्येकाची आपली एक खोड. आमचा जोसेफ हॉल सगळ्यात जुना. इथली बरीच मुलं मोलगीकडच्या डोंगरातली. पूर्वी होळी करून ती पायी परत यायची. एकदा एक मुलगा पोहोचला तोवर जेवण संपलं होतं. तेव्हाच्या फादरांना ते फार लागलं, आणि त्यांनी प्रथा घातली — सुट्टीनंतरच्या पहिल्या दुपारी एक ताट जास्तीचं वाढून टेबलाच्या टोकाला ठेवायचं. जो अजून वाटेवर आहे, त्याचं.

आता मुलं जीपने येतात, मागे कोणी राहत नाही. ताट मात्र वाढलं जातं. सगळे जेवले की जेवणघराला कुलूप. आणि गेली काही वर्षं संध्याकाळी कुलूप उघडावं, तर ताट रिकामं. मुलं म्हणतात, वाटेवरच्याचं भूत येऊन जेवून जातं.

किल्ली असायची स्वयंपाकीण जमनाबाईकडे. मग काय... नवे फादर मला म्हणाले, "सर, भूतबीत काही नाही. बाई कोणाला तरी खाऊ घालतात. अन्नाचं मला काही नाही, खोटेपणाचं आहे. यंदा किल्ली माझ्याकडे. ताट भरलेलं राहिलं, तर उद्यापासून दुसरी स्वयंपाकीण."

जमनाबाई एकटी, मुलगी नर्सिंगला. ती तडक माझ्याकडे आली.

"सर, मी खाई नही. तुम्हीच मजार बसा. कोन खास ते दखा."

"आत बसतो, पण खायला कोणी आलंच नाही तर?"

"येस तो," ती म्हणाली. जणू शहाद्याच्या एसटीबद्दल बोलत होती.

फादरांनाही साक्षीदार हवाच होता. त्यांनी मला आत बसवलं आणि बाहेरून कुलूप लावलं.

मी ताटासमोर बसलो. मक्याची भाकरी, उडदाची डाळ, ठेचा. पंखा कुरकुरत होता. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं, की हे ताट असंच राहिलं तर बाईची नोकरी जाणार. म्हणजे आयुष्यभर भुतांची टिंगल करणारा मी, भरदुपारी एका भुताची वाट बघत होतो. "या की राव," असंही हळूच म्हणून पाहिलं. कोणी आलं नाही. डाळ थिजत चालली.

शेवटी मीच भूत व्हायचं ठरवलं. सगळं खाल्लं... ठेच्यानं कानातून धूर निघायचा बाकी होता. पाण्याचे माठ बाहेर ओट्यावर, आत थेंब नाही. डाळीनं माखलेलं ताट तसंच ठेवून मी खिडकीच्या जाळीशी तोंड उघडं टाकून उभा राहिलो. मागे काहीही वाजलं नाही.

कुलूप निघालं. फादरांनी आधी ताटाकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. पक्का संशयी माणूस, माझ्याच पठडीतला. मी पिवळी बोटं खिशात घातली.

"सर, तुम्हीच—" म्हणत त्यांनी ताट उचललं आणि थांबले.

ताट घासलेलं होतं. लख्ख. कडेवरून पाणी त्यांच्या पांढऱ्या झग्यावर ठिबकत होतं.

त्यांनी कोपरे पाहिले, टेबलाखाली वाकले, माझ्या पिशवीत बाटली शोधली. खाल्लं कोणी, हे त्यांना कळल्यासारखं होतं. पण पाणी आलं कुठून? तिथे त्यांचा सगळा खटला अडला. "जमनाबाई राहू द्या," एवढंच म्हणाले, आणि ताट दोन्ही हातांनी खाली ठेवलं.

नंतर मी छत तपासलं, भिंती ठोकून पाहिल्या, जाळीचे खिळे हलवले. सगळं जागच्या जागी घट्ट.

जमनाबाईला मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. ती काही खूश झाली नाही.

"खादं तुम्हीन," ती म्हणाली. "तो बिचारा उपाशी गया. तरी मन्हासाठे ताट धुईसन गया."

आणि तिने पुन्हा चूल पेटवली, एक भाकरी थापली, डाळ गरम केली आणि नवं ताट वाढून निघाली. मी मागोमाग जेवणघरात शिरायला लागलो, तर दारातच तिने मला अडवलं.

"आते तुम्ही बाहेर ऱ्हा, सर."